महाराष्ट्रातील विद्युत वाहने व स्वयंचलित वाहन तंत्रज्ञान

महाराष्ट्रातील विद्युत वाहने म्हणजे महाराष्ट्र राज्यात तयार होणारी व रस्त्यावर वापरली जाणारी, विजेवर चालणारी वाहने होत. दुचाकी, तीनचाकी, मोटारगाडी, बस आणि मालवाहू वाहन असे त्यांचे मुख्य प्रकार आहेत. वाहन चालवण्याचे काम अंशतः किंवा पूर्णतः संगणकाकडे सोपवणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित वाहन तंत्रज्ञान असे म्हणतात. या दोन्ही विषयांचा उल्लेख बहुधा एकत्र केला जातो. परंतु ती दोन स्वतंत्र तंत्रज्ञाने आहेत. विद्युत वाहनात इंधन बदलते, तर स्वयंचलित वाहनात चालक बदलतो. पेट्रोलवर धावणारे वाहन स्वयंचलित असू शकते आणि विजेवर धावणारे बहुतेक प्रत्येक वाहन आज माणूसच चालवतो. महाराष्ट्रात पहिले तंत्रज्ञान शहरांतून रुळले असून ग्रामीण भागात पोहोचू लागले आहे. दुसरे मात्र चालकाला साहाय्य करण्याच्या टप्प्यावर आहे.

संज्ञा व प्रकार

केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनास बॅटरी विद्युत वाहन म्हणतात. इंधनाचे इंजिन व विद्युत मोटर ही दोन्ही असलेल्या वाहनास संकरित किंवा हायब्रिड वाहन म्हणतात. हायड्रोजनपासून वाहनातच वीज निर्माण करणारे इंधनघट वाहन हा तिसरा प्रकार होय. या लेखात विद्युत वाहन ही संज्ञा प्रामुख्याने पहिल्या प्रकारासाठी वापरली आहे.

भारतात विद्युत वाहनांना हिरव्या रंगाची क्रमांकपट्टी असते. खासगी वाहनांच्या पट्टीवर पांढरी अक्षरे, तर भाड्याने चालणाऱ्या वाहनांच्या पट्टीवर पिवळी अक्षरे असतात.

‘ऑटोमॅटिक गाडी’ असा जो शब्दप्रयोग बोलण्यात येतो, त्याचा अर्थ गिअर आपोआप बदलणारी गाडी एवढाच आहे. अशी गाडी स्वयंचलित वाहन ठरत नाही.

रचना व कार्य

विद्युत वाहनाचे मुख्य भाग बॅटरी, मोटर आणि विजेचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे आहेत. इंजिन, धुराडे, इंधनाची टाकी व बहुधा गिअरपेटी नसल्यामुळे हलत्या भागांची संख्या कमी असते आणि देखभालीचा खर्च घटतो. ब्रेक लावताना किंवा उतारावर मोटर जनित्राप्रमाणे काम करते आणि गतीची काही ऊर्जा पुन्हा बॅटरीत साठवते. यास पुनरुत्पादक ब्रेक प्रणाली म्हणतात.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजेच वीजबिलावरील एक युनिट. तीन किलोवॅट-तास क्षमतेची स्कूटर पूर्ण चार्ज होण्यास तीन युनिटांहून थोडी अधिक वीज लागते, कारण चार्जिंगमध्ये काही ऊर्जा वाया जाते. तीस किलोवॅट-तास बॅटरीच्या मोटारगाडीस घरातील १५ अँपिअरच्या जोडणीवर साधारण नऊ ते दहा तास लागतात. जलद चार्जिंग केंद्रात हेच काम बहुतांशी तासाभरात होते.

एका चार्जिंगमध्ये वाहन जितके अंतर कापते त्यास त्याचा पल्ला म्हणतात. जाहिरातीतील पल्ला प्रमाणित चाचणीतून काढलेला असतो. प्रत्यक्षात चढ, ओझे, वेग, उन्हाळ्यातील तापमान आणि वातानुकूलन यांमुळे तो कमी भरतो.

भारतात लिथियम-आयन बॅटरीचे दोन प्रकार अधिक आढळतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरी कमी वजनात जास्त ऊर्जा साठवते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वजनाने थोडी जड असते, पण ती उष्णता अधिक सहन करते आणि तिचे आयुष्यही जास्त असते. भारतातील उन्हाळा लक्षात घेता अनेक उत्पादकांनी दुसऱ्या प्रकाराला पसंती दिली आहे.

इतिहास

विजेवरील वाहतूक महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत इ.स. १८७४ साली घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी तिची जागा विजेवरील ट्राम घेऊ लागली. ही सेवा ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. भारतातील पहिली विद्युत रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईतील तत्कालीन व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. मुंबईच्या विजेवरील उपनगरी रेल्वेसेवेचा तोच आरंभ होय.

११ जून १९६२ रोजी बेस्ट उपक्रमाने गवालिया टँक ते माझगाव या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली. रस्त्यावरून रबरी चाकांवर धावणारी ही बस डोक्यावरील तारांतून वीज घेत असे. ती मार्च १९७१ मध्ये बंद करण्यात आली. ट्राम, लोकल व ट्रॉलीबस या तिन्ही वाहनांना वीज तारेतून मिळत होती. त्यामुळे तार जेथवर तेथवरच त्यांची धाव होती. बॅटरीने हे बंधन दूर केले, परंतु तिच्याबरोबर पल्ल्याची मर्यादा आली.

बॅटरीवर चालणारी ‘रेवा’ ही छोटी मोटार इ.स. २००१ साली बंगळूरू येथील कंपनीने बाजारात आणली. मुंबईस्थित महिंद्रा समूहाने २०१० मध्ये या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. मे २०१७ मध्ये नागपूर येथे विद्युत टॅक्सी, रिक्षा व बस यांचा एकत्रित प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. प्रवासी वाहतुकीत अशा वाहनांचा एकत्रित वापर करून पाहणारा हा भारतातील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होता. चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगा आणि वाहन उभे राहिल्याने बुडणारी चालकांची कमाई या अडचणी त्यातून प्रथमच ठळकपणे समोर आल्या.

वाहन उद्योग

पुणे परिसर

पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण व रांजणगाव हा पट्टा भारतातील प्रमुख वाहननिर्मिती क्षेत्रांपैकी एक आहे. बजाज ऑटोने ‘चेतक’ या आपल्या जुन्या स्कूटरच्या नावाने विद्युत स्कूटर ऑक्टोबर २०१९ मध्ये सादर केली. जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळूरू येथे तिची विक्री सुरू झाली. १९७२ पासून अनेक दशके मध्यमवर्गीय कुटुंबाचे वाहन म्हणून परिचित असलेले हे नाव या निमित्ताने परत आले. आकुर्डी येथे तिच्यासाठी स्वतंत्र कारखाना उभारण्यात आला आहे.

टाटा मोटर्सची ‘नेक्सॉन ईव्ही’ जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. रांजणगाव येथे तयार होणाऱ्या या गाडीच्या पहिल्या आवृत्तीत ३०.२ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी होती व प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ ही दोन वाहने सादर केली. त्यांचे उत्पादन चाकण येथे होते. मर्सिडीज-बेंझने २०२२ पासून चाकणच्या कारखान्यात विद्युत मोटारींची जुळणी सुरू केली. कायनेटिक ग्रीन ही तीनचाकी व दुचाकी वाहने बनवणारी कंपनी आणि सौर पट्ट्यांची जोड असलेली ‘ईव्हा’ ही छोटी मोटार विकसित करणारी वायवे मोबिलिटी या कंपन्याही पुण्यातील आहेत.

मराठवाडा

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथील बजाज ऑटोचा कारखाना तीनचाकी वाहनांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे विद्युत तीनचाकीही तयार होतात. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीच्या बिडकीन क्षेत्रात एथर एनर्जीने २०२४ मध्ये विद्युत स्कूटरचा कारखाना जाहीर केला. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. त्यात विद्युत व हायब्रिड वाहनांचे उत्पादन अपेक्षित आहे. मराठवाड्यातील तरुण नोकरीसाठी दीर्घकाळ पुणे परिसरात स्थलांतर करत आले आहेत. त्यामुळे या प्रकल्पांकडे प्रादेशिक रोजगाराच्या दृष्टीनेही पाहिले जाते.

सार्वजनिक वाहतूक

पुणे महानगर परिवहन महामंडळाने फेब्रुवारी २०१९ पासून विद्युत बस वापरण्यास आरंभ केला. मुंबईत बेस्टची वातानुकूलित विद्युत दुमजली बस ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली.

राज्य परिवहन महामंडळाची, म्हणजे एस.टी.ची, पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली होती. ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही महामंडळाची पहिली विद्युत बस धावली. पुढे महामंडळाने ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. परंतु बसचा पुरवठा ठरलेल्या वेळापत्रकाच्या मागे राहिला. भाडेतत्त्वाच्या पद्धतीत बस कंत्राटदाराची असते व महामंडळ तिला प्रति किलोमीटर दर देते. या पद्धतीत बस खरेदीचा मोठा खर्च टळतो. मात्र चालक कंत्राटदाराचा असल्याने कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा प्रश्न निर्माण होतो.

राज्य शासनाने २०२४ मध्ये १७ शहरांतील १०,००० महिलांसाठी ‘पिंक ई-रिक्षा’ योजना मंजूर केली. तीत किमतीच्या २० टक्के रक्कम शासनाचे अनुदान, १० टक्के लाभार्थीचा वाटा आणि ७० टक्के बँकेचे कर्ज अशी विभागणी आहे.

माथेरानमधील ई-रिक्षा

रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानावर मोटार वाहनांना बंदी आहे. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन यांचाच त्यास अपवाद आहे. त्यामुळे प्रवासी वाहून नेण्याचे काम घोडे आणि माणसांनी ओढलेल्या हातरिक्षा करत आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षाचा प्रायोगिक वापर सुरू झाला. शाळकरी मुले व ज्येष्ठ नागरिक यांना त्याचा उपयोग झाला, तर घोडेवाल्यांनी उपजीविकेच्या भीतीने विरोध नोंदवला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवली. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करावे, असा आदेश न्यायालयाने दिला. नवे वाहन आल्यावर जुने काम करणाऱ्यालाच त्याचा मालक बनवावे, हे तत्त्व या आदेशात आहे. त्यामुळे वाहतुकीतील तंत्रज्ञानबदल व रोजगार यांच्या अभ्यासात माथेरानचे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

शासकीय धोरण

केंद्र शासनाने २०१५ मध्ये ‘फेम’ ही अनुदान योजना सुरू केली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून राबवण्यात आला. ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना लागू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

महाराष्ट्र शासनाने विद्युत वाहनांविषयीचे पहिले धोरण २०१८ मध्ये व दुसरे जुलै २०२१ मध्ये जाहीर केले. २०२५ पर्यंत राज्यातील नव्या वाहननोंदणीत विद्युत वाहनांचा वाटा १० टक्के असावा, हे दुसऱ्या धोरणाचे उद्दिष्ट होते. तिसरे धोरण मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केले व ते २०३० पर्यंतच्या काळासाठी आहे. खरेदीवरील सवलत, राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटर अंतरावर चार्जिंग केंद्र, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विद्युत मोटारी व बस यांना पथकरमाफी या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पथकरमाफीची अंमलबजावणी सुरू झाली.

चार्जिंग व वीजपुरवठा

भारतात चार्जिंग केंद्र चालवण्यासाठी २०१८ पासून वीजवितरणाचा वेगळा परवाना लागत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्याच वर्षी चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र ग्राहकवर्ग निर्माण केला. शहरांत मुख्य अडचण जागेची आहे. गृहनिर्माण संस्थांमधील वाहनतळात मीटर कोणाच्या नावे बसवावे, वायरिंगचा खर्च कोणी करावा व आगीची जबाबदारी कोणाची, यांवरून वाद होतात. ग्रामीण भागात दाराशी जागा असते. तेथे प्रश्न वीज खंडित होण्याचा व कमी दाबाचा असतो.

विद्युत वाहन चालताना धूर सोडत नाही, परंतु त्याची वीज कोठून येते यावर त्याचा पर्यावरणीय परिणाम अवलंबून असतो. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून निर्माण होतो. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र हे त्याचे जवळचे उदाहरण होय. दुष्काळामुळे पाणी न उरल्याने जुलै २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. औष्णिक वीज कोळशाइतकीच पाण्यावरही अवलंबून असते, ही बाब त्यातून दिसून आली. धुराचे ठिकाण शहराच्या रस्त्यावरून वीजकेंद्राच्या गावी हलते, असा आक्षेप यामुळे घेतला जातो. त्यास दिले जाणारे उत्तर असे, की विद्युत मोटर पेट्रोल इंजिनापेक्षा ऊर्जेचा कितीतरी अधिक भाग गतीत रूपांतरित करते, आणि विजेत सौर व पवन ऊर्जेचा वाटा जसजसा वाढेल तसतशी जुनी विद्युत वाहनेही आपोआप अधिक स्वच्छ होत जातात. शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर आणण्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे.

सुरक्षितता

मार्च २०२२ मध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी विद्युत स्कूटरनी पेट घेतल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमून बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. लिथियम-आयन बॅटरीची आग विझली असे वाटल्यावरही पुन्हा पेटू शकते. त्यामुळे अशी बॅटरी बंद खोलीत किंवा दाराच्या वाटेवर चार्ज करू नये आणि मूळ चार्जरच वापरावा, असे सांगितले जाते.

ग्रामीण मराठवाडा : घाटनांदूरचे उदाहरण

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील मोठे गाव परळी वैजनाथ-लातूर रोड या रेल्वेमार्गावर आहे. अशा बाजारपेठेच्या गावाचे दैनंदिन दळणवळण दुचाकी, ॲपे रिक्षा, काळी-पिवळी जीप, ट्रॅक्टर आणि एस.टी. यांवर चालते. विद्युत वाहनांचा ग्रामीण प्रसार कोणत्या अटींवर अवलंबून आहे, हे अशा गावाच्या गरजांवरून समजते.

तालुक्याच्या ठिकाणी ये-जा करणे, शेतावर जाणे, दूध पोहोचवणे, बाजारहाट करणे यांसाठी लागणारे रोजचे अंतर सामान्य विद्युत स्कूटरच्या पल्ल्यात बसते. विजेचा दर प्रति युनिट ८ रुपये धरला, तर तीन युनिटांच्या एका चार्जिंगला सुमारे २४ रुपये खर्च येतो. तेवढ्यात ७० ते ८० किलोमीटर अंतर कापले जाते. तितक्याच अंतरासाठी पेट्रोलच्या दुचाकीला साधारणपणे दीड लिटर पेट्रोल लागते. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बीड मात्र सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. तेथे जाऊन त्याच दिवशी परत यायचे, तर वाटेत चार्जिंगची सोय असणे आवश्यक ठरते.

अन्य अडचणी वापराच्या स्वरूपातून निर्माण होतात. ग्रामीण दुचाकीवर दोन-तीन माणसे, खताचे पोते किंवा दुधाच्या किटल्या असतात आणि कच्च्या रस्त्यावर पल्ला घटतो. पेट्रोलचे इंजिन गावातील मेकॅनिक दुरुस्त करतो. बॅटरी किंवा नियंत्रक बिघडल्यास वाहन शहरातील अधिकृत केंद्रात न्यावे लागते. वाहनाच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असल्याने जुन्या वाहनाची विक्री करताना तिचे उरलेले आयुष्य ठरवणे कठीण जाते. जुन्या दुचाकीच्या बाजारावर अवलंबून असणाऱ्या ग्रामीण ग्राहकासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गावपातळीवरील दुरुस्तीचे प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून देणे हा त्यावरील एक उपाय मानला जातो.

स्वयंचलित वाहन तंत्रज्ञान

पातळ्या

‘एसएई इंटरनॅशनल’ या संस्थेने २०१४ मध्ये वाहनाच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या निश्चित केल्या. त्या जगभर वापरल्या जातात.

पातळी ० : सर्व काम चालक करतो, यंत्रणा फार तर इशारा देते.
पातळी १ : वेग किंवा सुकाणू यांपैकी एका बाबतीत यंत्रणा मदत करते.
पातळी २ : वेग व सुकाणू दोन्ही यंत्रणा सांभाळते, पण चालकाने सतत लक्ष ठेवावे लागते.
पातळी ३ : ठरावीक परिस्थितीत यंत्रणा वाहन चालवते, तिने मागणी करताच चालकाने ताबा घ्यावा लागतो.
पातळी ४ : ठरावीक क्षेत्रात चालकाची गरज नसते.
पातळी ५ : कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही परिस्थितीत चालकाची गरज नसते.

पाचव्या पातळीचे वाहन जगात कोठेही वापरात नाही. दुसऱ्या व तिसऱ्या पातळीतील फरक कायद्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. दुसऱ्या पातळीपर्यंत अपघाताची जबाबदारी चालकाकडेच राहते.

कार्यपद्धती

स्वयंचलित वाहनास चार कामे करावी लागतात : भोवतालचे निरीक्षण करणे, स्वतःचे नेमके स्थान ओळखणे, इतरांच्या हालचालीचा अंदाज बांधणे आणि त्यानुसार मार्ग व वेग ठरवणे. निरीक्षणासाठी कॅमेरा, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लिडार हे उपकरण वापरतात. कॅमेरा चिन्हे व रंग ओळखतो, पण धुके व अंधार यांत कमी पडतो. रडार धुक्यातही काम करते, मात्र वस्तूचा आकार नीट दाखवत नाही. लिडार आकार अचूक दाखवते, परंतु ते महाग असते.

यांतील सर्वांत अवघड काम अंदाज बांधण्याचे आहे. आखलेल्या पट्ट्यांतून चालणाऱ्या वाहतुकीवर शिकवलेली संगणकप्रणाली भारतीय रस्त्यावर गोंधळू शकते. उलट दिशेने येणारी दुचाकी, रस्त्यावर वाळत घातलेले धान्य, मेंढ्यांचा कळप, पालखी, दिवे नसलेली उसाची बैलगाडी यांची उदाहरणे तिच्या माहितीसंचात पुरेशी नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या छायाचित्रांचा माहितीसंच उपलब्ध करून दिला.

महाराष्ट्रातील स्थिती

चाकण येथे तयार होणारी महिंद्राची ‘एक्सयूव्ही ७००’ ही गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये सादर झाली. तिच्या वरच्या श्रेणींत पुढील वाहनापासून अंतर राखणे, पट्ट्यात राहण्यास मदत करणे व आणीबाणीत आपोआप ब्रेक लावणे या दुसऱ्या पातळीच्या सुविधा होत्या. त्यानंतर अन्य उत्पादकांनीही त्या दिल्या. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या व प्रमाणीकरण करते.

नागपूरमध्ये सप्टेंबर २०२१ पासून ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प राबवण्यात आला. त्यात शहर बसवर कॅमेऱ्यावर आधारित इशारायंत्रे बसवण्यात आली. धडक होण्याची शक्यता दिसताच यंत्र चालकास सावध करते. वारंवार इशारे मिळणारी ठिकाणे नोंदवून, अपघात घडण्यापूर्वीच रस्त्यातील दोष शोधणे हाही प्रकल्पाचा हेतू होता. येथे यंत्र चालकाची जागा घेत नाही. ते त्याला मदत करते.

अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील पहिले दालन उघडले. कंपनीची ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ ही सुविधा नावाने पूर्ण स्वयंचलित भासत असली, तरी ग्राहकांच्या गाड्यांत ती चालकाच्या देखरेखीखाली वापरावी लागते.

रुळावरील वाहतुकीत मार्ग बंदिस्त असल्याने स्वयंचलन सोपे असते. दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये भारतातील पहिली चालकविरहित गाडी सुरू झाली. मुंबई मेट्रोच्या २अ, ७ व ३ या मार्गांवरील गाड्याही चालकाविना धावण्याच्या क्षमतेने बांधलेल्या आहेत. शेत हेदेखील तुलनेने बंदिस्त क्षेत्र आहे. महिंद्राने सप्टेंबर २०१७ मध्ये चालकविरहित ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक दाखवले होते. त्यामुळे ग्रामीण भागात स्वयंचलन रस्त्यापेक्षा आधी शेतात येण्याचा संभव आहे.

जगातील अनुभव

गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे ‘वेमो’ ही कंपनी निर्माण झाली. तिने ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील फिनिक्स परिसरात चालकविरहित टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली केली. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोना राज्यातील टेंपी येथे चाचणीतील एका वाहनाच्या धडकेने पादचारी महिलेचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील अपघातानंतर ‘क्रूझ’ या कंपनीची सेवा थांबवण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक जनरल मोटर्सने चालकविरहित टॅक्सीसाठी निधी देणे बंद केले. यशस्वी झालेल्या सेवाही काळजीपूर्वक नकाशे तयार केलेल्या ठरावीक शहरांपुरत्याच, म्हणजे चौथ्या पातळीच्या, आहेत.

कायदा व जबाबदारी

भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा वाहनास परवानाधारक चालक असतो असे गृहीत धरतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात कलम २ब समाविष्ट झाले. त्यानुसार नवसंशोधनास चालना देण्यासाठी केंद्र शासन काही यांत्रिक वाहनांना अधिनियमाच्या तरतुदींतून सूट देऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर चालकविरहित वाहनांच्या नियमित वापरासाठी मात्र स्वतंत्र कायदा नाही. अपघात झाल्यास जबाबदार मालक, उत्पादक की संगणकप्रणाली लिहिणारी कंपनी, आणि भरपाई कोणत्या विम्यातून द्यावी, हे प्रश्न अनुत्तरित आहेत.

रोजगार

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री व नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकविरहित मोटारींना भारतात परवानगी न देण्याची भूमिका मांडली. चालकांचे रोजगार बुडतील हे त्यांनी दिलेले कारण होते. ट्रक, टॅक्सी, रिक्षा व जीप चालवणे हा अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांतील तरुणांसाठी कमी भांडवलात मिळणारा रोजगार आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात तो शेतीला पूरक उत्पन्न देतो.

याच्या उलट बाजूस रस्ते अपघातांचा प्रश्न आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे १५,००० मृत्यू महाराष्ट्रातील होते. जुलै २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर लांब, सरळ रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी, विश्रांतीच्या सोयी आणि कामाचे तास यांविषयी चर्चा झाली. चालकाची झोप ओळखणारी व आणीबाणीत ब्रेक लावणारी यंत्रे मोठ्या वाहनांना सक्तीची करण्याचा मसुदा केंद्र शासनाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

रोजगार टिकवणे आणि जीव वाचवणे ही दोन्ही उद्दिष्टे परस्परविरोधी असतीलच असे नाही. पहिल्या व दुसऱ्या पातळीची साहाय्यक यंत्रणा चालकाला कामावर ठेवूनही अपघात कमी करू शकते. मोटारींच्या वरच्या श्रेणींत आरंभी आलेल्या या सुविधा ट्रक, एस.टी. बस व जीप यांत कधी आणि किती किमतीत येतात, यावर त्यांचा सामाजिक उपयोग अवलंबून राहील.

भविष्यातील दिशा

विद्युत वाहनांच्या बाबतीत पुढील प्रश्न प्रसाराचे आहेत : बॅटरीची किंमत, लिथियमसाठीचे आयातीवरील अवलंबित्व, जुन्या बॅटरींचे पुनर्चक्रण, आणि महामार्गाबाहेरील तालुक्यांत चार्जिंग व दुरुस्तीची सोय. अनुदाने टप्प्याटप्प्याने कमी होत असल्याने वाहनांना किमतीवरच स्पर्धा करावी लागेल. स्वयंचलित वाहनांबाबतचे प्रश्न अद्याप पूर्वतयारीचे आहेत. ठळक पट्टे, सुवाच्य फलक, खड्डेविरहित पृष्ठभाग व पादचाऱ्यांसाठी वेगळी जागा या गोष्टी संगणकाला लागतात आणि माणसालाही. त्यामुळे रस्त्यांच्या सुधारणेवर होणारा खर्च, स्वयंचलित वाहने केव्हा येतात यावर अवलंबून न राहता, आजच्या प्रवाशांच्या उपयोगी पडतो.

तंत्रज्ञान कोणत्या क्रमाने पोहोचेल, याविषयीही अंदाज मांडले जातात. बंदिस्त जागा म्हणजे खाणी, बंदरे, कारखान्यांची आवारे व शेते येथे चालकविरहित वाहने प्रथम येतील. त्यानंतर प्रवेशनियंत्रित महामार्गांवरील मालवाहतुकीचा क्रम लागेल, असे सामान्यतः मानले जाते. बाजाराच्या दिवशी माणसे, गुरे, रिक्षा व एस.टी. यांनी भरलेला गावाचा रस्ता हा या क्रमात शेवटी येतो.